खाते बदलते तेव्हा नेमके काय हलते?

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, आणि कसबा बावड्याच्या लाईन बाजारातील सेवा रुग्णालय यांच्यात अंतर फारसे नाही आणि लोक दोन्हींना सरकारी दवाखानाच म्हणतात. शासनाच्या लेखी मात्र ही दोन वेगळ्या घरची रुग्णालये आहेत. सीपीआर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्यामुळे त्याचा कारभार वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तर सेवा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते. शाहूवाडी किंवा राधानगरी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते आणि शहरातले सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचे आहे. तापाने फणफणलेला माणूस या चारांपैकी कुठेही गेला तरी त्याचा ताप तोच असतो. पण त्याच्या हातात पडणारी गोळी, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा पगार आणि त्याच्या तक्रारीवर शेरा मारणारा अधिकारी हे सगळे दरवेळी निराळ्या वाटेने येते.

या वाटा कोणी आखल्या, त्या बदलण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्या बदलल्यावर प्रत्यक्षात काय बदलते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. वर्तमानपत्रांत ही गोष्ट ‘खात्यांची पुनर्रचना’, ‘विभागाचे विभाजन’, ‘स्वतंत्र मंत्रालयाची निर्मिती’ अशा मथळ्यांखाली येते आणि बहुतेकदा कोणत्या नेत्याला काय मिळाले यावरच संपते. माझ्या मते अशी बातमी वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे गेला, माणसांची पदे कुठे गेली आणि पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या मागणीखाली, म्हणजे कोणत्या विभागाच्या वाट्यात, गेला? या तिन्ही गोष्टी हलल्या असतील तरच पुनर्रचना पुरी झाली असे म्हणता येते. एखादीच हलली असेल तर काम रेंगाळते, आणि ते का रेंगाळले हे खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगत नाही.

सुरुवात अधिकारापासून करू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५४ प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी आहे आणि अनुच्छेद १६३ प्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. एवढ्या मोठ्या राज्याचे काम एका नावावर चालवायचे तर ते कोणीतरी वाटून घ्यायला हवे. ही वाटणी अनुच्छेद १६६ च्या तिसऱ्या खंडाखाली केलेल्या नियमांनी होते. या नियमांना शासन कार्यनियमावली म्हणतात. शासनाचे विभाग कोणते आणि कोणता विषय कोणत्या विभागाकडे, हे तिच्या अनुसूचीत लिहिलेले असते. त्यामुळे नवीन विभाग काढण्यासाठी विधानसभेत विधेयक मांडावे लागत नाही. मंत्रिमंडळाने ठरवावे, अनुसूचीत दुरुस्ती व्हावी, अधिसूचना निघावी, की विभाग अस्तित्वात आला. मराठी भाषा विभाग २०१० मध्ये, इतर मागास वर्गांसाठीचा स्वतंत्र विभाग २०१७ मध्ये आणि दिव्यांग कल्याण विभाग २०२२ मध्ये असेच उभे राहिले. पर्यावरण विभागाच्या नावात २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले, तेही याच मार्गाने.

येथे एक गल्लत नेहमी होते, ती आधीच दूर केलेली बरी. मंत्र्यांची संख्या आणि विभागांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंत्र्यांच्या संख्येला २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली. मुख्यमंत्र्यांसह मंत्रिमंडळ विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे असू शकत नाही. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत, म्हणून महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४३ मंत्री होऊ शकतात. विभाग किती असावेत यावर मात्र अशी मर्यादा नाही. एका मंत्र्याकडे चार विभाग असू शकतात, तसाच एक विभाग दोन मंत्र्यांत वाटला जाऊ शकतो. डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात जलसंपदा विभागाचे नेमके असेच झाले. गोदावरी आणि कृष्णा खोऱ्याचे काम एका मंत्र्यांकडे आणि विदर्भ, तापी व कोकणातील खोऱ्यांचे काम दुसऱ्या मंत्र्यांकडे देण्यात आले. विभाग एकच राहिला, मंत्री दोन झाले. त्याच खातेवाटपात सार्वजनिक आरोग्य राधानगरीचे आमदार प्रकाश आबिटकर यांच्याकडे आणि वैद्यकीय शिक्षण कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे आले, म्हणजे वर सांगितलेल्या दोन रुग्णालयांचे दोन विभाग एकाच जिल्ह्यातील दोन मंत्र्यांकडे गेले. मंत्री एका जिल्ह्याचे झाले म्हणून विभाग एक होत नाहीत. दोन्हींच्या नस्त्या, म्हणजे फायली, आपापल्या विभागाच्या कार्यासनातच (शाखेतच) फिरतात.

काही गोष्टी मात्र मंत्रिमंडळाच्या निर्णयाने हलत नाहीत, कारण त्या कायद्याने जन्मलेल्या असतात. जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्याने उभ्या राहिल्या. त्यांच्याकडचे एखादे वैधानिक काम काढून घ्यायचे तर कायद्याची वाट धरावी लागते. वीज मंडळाचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. २००३ च्या केंद्रीय वीज कायद्यानंतर जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी झाली. मालमत्ता, कर्ज, कर्मचारी आणि त्यांची सेवाज्येष्ठता, सगळ्याची कायद्याच्या आधारे वाटणी करावी लागली. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला आजही याचा अनुभव येतो. त्याच्या धंद्याचे धोरण वस्त्रोद्योग विभाग ठरवतो, वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, सवलतीचा भार शासनाच्या तिजोरीवर पडतो आणि बिल महावितरण पाठवते. यातल्या एकाच दाराशी जाऊन भागत नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे पदांकडे येऊ. विभाग कागदावर स्थापन करणे सोपे आहे; त्यात माणसे बसवणे हे खरे कष्टाचे काम. प्रत्येक कार्यालयाचा एक आकृतिबंध असतो. कोणत्या संवर्गाची, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटाची, किती पदे मंजूर आहेत, त्यांतील स्थायी किती आणि अस्थायी किती, याचा तो मंजूर आराखडा. नवीन विभागासाठी पदे हवी असतील तर प्रस्ताव सामान्य प्रशासन आणि वित्त विभागाच्या छाननीतून जातो, त्यानंतर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीसमोर येतो आणि त्या समितीने मान्य केलेलीच पदे निर्माण होतात. तरीही लगेच माणूस येत नाही. त्या पदाचे सेवाप्रवेश नियम नसतील तर ते करावे लागतात, मग मागणीपत्र लोकसेवा आयोगाकडे जाते, मग जाहिरात, परीक्षा, निकाल, नियुक्ती. या सगळ्या काळात नवीन विभागाचे काम जुन्या विभागातून उसन्या घेतलेल्या आणि अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जोरावर चालते.

२०१७ मध्ये इतर मागास वर्गांसाठीचा विभाग सामाजिक न्याय विभागातून वेगळा झाला तेव्हा मंत्रालयात स्वतंत्र विभाग झाला, पण जिल्ह्यात त्याचे स्वतंत्र कार्यालय लगेच नव्हते. आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृहे यांचे काम समाजकल्याणच्या यंत्रणेतूनच होत राहिले. कोल्हापुरातील विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात शिष्यवृत्तीची चौकशी करायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने टेबल तेच होते आणि बाबूही तेच होते. टेबलामागून जाणारा कागद मात्र आता दुसऱ्या सचिवांकडे जात होता. मंत्रालयातील बदल आणि जिल्ह्यातील बदल यांच्यात जो काळ जातो, त्याची झळ सर्वांत आधी अशा विद्यार्थ्यालाच लागते. नव्या विभागाची घोषणा करताना जिल्हा कार्यालयाचा आकृतिबंध सोबतच मंजूर करावा, असे मला मनापासून वाटते, कारण लोकांचा शासनाशी संबंध येतो तो जिल्ह्यात आणि तालुक्यात.

पदांची पुनर्रचना किती खोल जाऊ शकते याचे उदाहरण कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. १९१८ मधील निर्णय तितका सांगितला जात नाही. त्या वर्षी त्यांनी कुलकर्णी वतन रद्द केले आणि गावचे दप्तर सांभाळण्यासाठी पगारी तलाठी नेमले. कुलकर्ण्याचे पद घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेले होते. तलाठ्याचे पद नेमणुकीचे होते. गावाच्या जमिनीचा हिशेब कोणाच्या हाती, हा अधिकार बदलला. तो सांभाळणारा माणूस बदलला. आणि त्याला वतनाच्या उत्पन्नाऐवजी सरकारी तिजोरीतून पगार मिळू लागला. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच निर्णयात हलल्या, म्हणून मी त्याला पुऱ्या अर्थाने पुनर्रचना म्हणतो.

त्याच तलाठ्याला २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नवे नाव मिळाले. सातबारा, फेरफार, पीकपाहणी ही कामे होती तीच राहिली. याच सुमारास ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे एकच पद करण्यात आले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांत भरतो. पहिल्यात नाव बदलले. दुसऱ्यात दोन संवर्ग एक झाले, म्हणजे वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता यादी आणि पदोन्नतीची पायरी या सर्वांना हात लागला. नामांतरालाही आपली किंमत आहे, पदाचा मान वाढतो आणि कर्मचाऱ्याला ते हवे असते, परंतु वाचकाने दोन्ही निर्णयांना एका मापाने मोजू नये.

तिसरी गोष्ट पैसा, आणि माझ्या अनुभवाने सर्वांत कमी लक्ष इकडेच दिले जाते. राज्याचा अर्थसंकल्प मागण्यांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक विभागाच्या मागणीला विधानसभा स्वतंत्रपणे मंजुरी देते आणि त्या मागणीखाली लेखाशीर्षे, म्हणजे खर्च कशासाठी हे दाखवणारे हिशेबाचे क्रमांक, असतात. उदाहरणार्थ, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य या खर्चाचे प्रधानशीर्ष २२१० आहे. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग दोघेही या शीर्षाखाली खर्च करतात, पण दोघांच्या मागण्या वेगळ्या असतात. एकाच मागणीच्या पोटात एका कामाचे वाचलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवता येतात; त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. एका मागणीचे पैसे दुसऱ्या मागणीकडे मात्र प्रशासनाला परस्पर वळवता येत नाहीत, त्यासाठी विधिमंडळाकडेच जावे लागते. मंत्रिमंडळ विभाग स्वतःच्या अधिकारात निर्माण करू शकते, पण त्या विभागाला पैसा द्यायचा तर पुरवणी मागणी किंवा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प घेऊन सभागृहासमोर उभे राहावेच लागते. विधिमंडळाच्या संमतीची ही जागा आहे आणि ती फार मोलाची आहे. विभाग वर्षाच्या मध्यावर झाला तर काही महिने जुन्या मागणीतूनच खर्च का भागवावा लागतो, हेही यावरून कळते.

या तीन गोष्टी घरबसल्या तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे शासन निर्णय स्वतः वाचणे. शासनाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. वरच्या बाजूला विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दापुढे जुन्या निर्णयांची यादी असते. या यादीवरून विषय आधी कोणाकडे होता हे कळते. मग प्रस्तावना येते, ती बारकाईने वाचली नाही तरी चालते. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा भाग मात्र ओळ न ओळ वाचावा. तेथे पदांचा तक्ता आहे का, ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून कोणाचे पदनाम लिहिले आहे आणि ‘यासाठी होणारा खर्च’ या शब्दांपुढे लेखाशीर्ष दिले आहे का, हे पाहावे. शेवटच्या परिच्छेदाजवळ बहुधा असे वाक्य असते की हा निर्णय वित्त विभागाच्या अमुक अनौपचारिक संदर्भ क्रमांकान्वये मिळालेल्या सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे. खर्चाच्या निर्णयात हे वाक्य नसेल तर पैशाचे काय ठरले आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. सर्वांत खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून सही असते. घटनेतील राज्यपालांच्या नावाने चालणारा कार्यकारी अधिकार आपल्याला प्रत्यक्ष दिसतो तो या ओळीत. त्यानंतरची ‘प्रत’ ही यादीही सोडू नये. तिच्यात जिल्हा कोषागार अधिकाऱ्यांचे नाव असेल तर देयके मंजूर करणाऱ्यापर्यंत निर्णय पोहोचवला आहे असे समजावे.

प्रत्येक वेळी विभागच तोडावा किंवा जोडावा लागतो असे नाही. कधी विभाग जागच्या जागी ठेवून त्यांच्यातले एकच काम बाहेर काढणे जास्त शहाणपणाचे ठरते. औषधखरेदी हे याचे उदाहरण. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांच्या रुग्णालयांना औषधे लागतात. २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळामार्फत एकत्र करण्याची व्यवस्था झाली आणि पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. दोन्ही विभागांचे मंत्री, सचिव, संचालनालये तशीच राहिली. खरेदीची कळ तेवढी तिसऱ्या हाती गेली. सीपीआर आणि सेवा रुग्णालय एका विभागाखाली आणावेत असे म्हणणाऱ्यांनी हा मार्गही लक्षात घ्यावा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अध्यापक, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी असतात, त्याला मान्यतेचे निकष वेगळे असतात, आणि ते जिल्ह्याच्या आरोग्यसेवेच्या साखळीत पूर्णपणे विरघळवणे सोपे नाही. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवताना कागद आणि जबाबदारी नीट जावी, एवढे काम विभाग न मोडताही करता येईल असे मला वाटते.

रुग्णालयाचा मालक बदलण्याचे उदाहरणही आपल्या जिल्ह्यात आहे. इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय नगरपालिकेचे होते, ते राज्य शासनाकडे हस्तांतरित झाले. अशा हस्तांतरणात इमारत आणि यंत्रे एका आदेशाने जातात, पण नगरपालिकेचा कर्मचारी आपोआप राज्य शासनाचा कर्मचारी होत नाही. त्याची नेमणूक वेगळ्या प्राधिकाऱ्याने केलेली असते, त्याची ज्येष्ठता वेगळ्या यादीत असते, त्याच्या निवृत्तिवेतनाचा भार वेगळ्या संस्थेवर असतो. त्याला समाविष्ट कसे करायचे हा प्रत्येक अशा बदलातला सर्वांत नाजूक प्रश्न असतो.

राहिला नकाशाचा प्रश्न. प्रत्येक विभाग राज्याचा नकाशा आपापल्या सोयीने कापतो. महसुलासाठी कोल्हापूर पुणे विभागात आहे आणि विभागीय आयुक्त पुण्यात बसतात. कृषी खात्यासाठी कोल्हापूर हाच विभाग असून सांगली व सातारा त्यात येतात; दहावी-बारावीच्या मंडळाचेही तसेच. पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात तर पुणे ग्रामीणही आहे. साखर आयुक्तालय पुण्यात आहे. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्याचा आनंद रास्तच आहे, परंतु ती न्यायव्यवस्थेतील सोय आहे. तिच्यामुळे महसुली विभाग बदलत नाही. महाराष्ट्र स्थापनेच्या वेळी २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत, आणि नवीन जिल्हा करणे हीसुद्धा कार्यकारी पुनर्रचनाच आहे, फक्त ती जमीन महसूल संहितेखालील अधिसूचनेने होते.

पुराच्या दिवसांत या वेगवेगळ्या नकाशांचा अर्थ फार स्पष्ट होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. राधानगरी धरणातील विसर्गाची माहिती जलसंपदाकडे, गावे हलवण्याचे काम महसूलकडे, शहरातील निवारा महापालिकेकडे, मदतीचा निधी मदत व पुनर्वसन विभागाकडे. त्या दिवसांत या सर्वांना एका टेबलावर आणण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली जिल्हाधिकाऱ्यांना मिळतो. विभाग न बदलता, ठरावीक प्रसंगापुरता अधिकार एका हाती देण्याची ही व्यवस्था २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपण जवळून पाहिली आहे.

२०२५ मध्ये राज्य शासनाने १५० दिवसांचा कार्यक्रम आखून सर्व विभागांना आपले आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम सुधारायला सांगितले. त्यातून पदांची नावे आणि कामे आणखी बदलतील. अशा काळात आपला अर्ज कोणाकडे द्यायचा हे कळले नाही तर दोन कायदे उपयोगी पडतात. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, पहिला अपिलीय अधिकारी आणि दुसरा अपिलीय अधिकारी कोण, हे विभागाने जाहीर करायचे असते. विभाग बदलल्यावर ही यादीही बदलली आहे का ते कार्यालयातील फलकावर पाहावे. आणि माहिती अधिकाराचा अर्ज चुकून जुन्या विभागाकडे गेला, तर त्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयाने तो ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो आणि तसे अर्जदाराला लगेच कळवायचेही असते.